शर्यतीची नाव आणि तिचे वल्हेकरी

आपल्या टेंभी नाक्यापासून थोड्याच अंतरावर मासुंदा तलाव आहे. कौपिनेश्वराच्या देवळाजवळील ह्या पाण्यात नौकाविहार करणारी मंडळी आपण सर्वांनीच पाहिली असतील. त्यामुळे वल्ही मारणे हा सुटीच्या दिवशीचा करमणुकीचा प्रकार होय, अशी आपली समजूत होऊन बसते. परंतु ह्याच कृतीचे एक फार कठोर रूप आहे. दोन हजार मीटरांचा सरळ जलमार्ग, शेजारी शेजारी आखलेले पट्टे, आणि सुमारे सात मिनिटांत मनुष्याच्या अंगातील सारे बळ शोषून घेणारी शर्यत! इंग्रजीत ह्या खेळास रोइंग म्हणतात. आपल्याकडे नौकानयन म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र त्या शब्दात शिडाच्या नावाही येत असल्यामुळे येथे केवळ वल्ह्यांच्या शर्यतीविषयीच लिहावयाचे आहे.

प्रथम नावेची ओळख करून घेऊ. एकट्याने चालवावयाची शर्यतीची नाव आठ मीटरांहून थोडी अधिक लांब असते, परंतु पाण्याच्या रेषेवर तिची रुंदी जेमतेम एक फूट. नियमाप्रमाणे तिचे वजन १४ किलोपेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे तीत बसणारा मनुष्य नावेहून पाच-सहा पट जड असतो. अशी नाव आपल्या बळावर स्थिर राहत नाही. दोन्ही वल्ह्यांची पाती पाण्यावर आडवी टेकली असतील तोवरच ती सावरलेली असते. मुठी हातांतून सुटल्या, की स्वार पाण्यात! पूर्वी ही नाव पातळ लाकडाची करीत. हल्ली ती कार्बनच्या तंतूंची करतात. वल्ह्याचा टेकू नावेच्या काठावर नसून काठाबाहेर काढलेल्या एका आडव्या दांड्यावर असतो, कारण इतक्या अरुंद नावेत लांब वल्ह्यास एरवी पुरेशी तरफ मिळणार नाही. बसावयाचे आसन लहान चाकांवर पुढेमागे सरकते आणि पायांतील जोडे समोरच्या फळीस पक्के बसविलेले असतात. वल्हेकरी आपल्या गतीच्या दिशेकडे पाठ करून बसतो, हे नवशिक्यास फार विचित्र वाटते. आपण जिंकतो आहो की हरतो आहो, हे मात्र त्यास मागे पडलेल्यांवरूनच कळते!

वल्हे हातांनी मारावयाचे असते, ही समजूत चुकीची आहे. त्यातील मोठा वाटा पायांचा. गुडघे मिटून, आसन पुढे आणून, पाती पाण्यात बुडविली म्हणजे वल्हेकरी पायांनी फळी रेटतो. मग पाठ मागे जाते आणि हात सर्वांत शेवटी दुमडतात. ह्या वेळी वल्हे तरफेचे काम करते. पाण्यात रुतलेले पाते हा टेकू, मुठीवर बल, आणि मध्ये नावेचा भार. ज्यांनी घरी आजीच्या हातातील अडकित्ता पाहिला आहे, त्यांस हा तरफेचा दुसरा प्रकार निराळा समजावून सांगावयास नको. भेद इतकाच, की पाणी हा थोडा घसरणारा टेकू आहे. म्हणून पाते उशिरा किंवा तिरके बुडाले, तर केलेला जोर पाण्यास ढवळण्यात जातो.

गतीचाही हिशेब पाहण्याजोगा आहे. पाण्याचा विरोध स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ती आठपट हवी. त्यामुळे सुरुवातीस उसळून पुढे गेलेला वल्हेकरी पुढे त्याची जबर किंमत मोजतो. समान वेग राखणारा त्यास गाठतो. आणखी एक गोष्ट. वल्हे पाण्याबाहेर असताना, वल्हेकरी आसनावरून हळू पुढे सरकतो त्या क्षणीच नाव अधिक वेगाने धावत असते. घाईने आसन पुढे ओढले, तर तीच नाव अडखळते. विसावण्याच्या त्या अर्ध्या क्षणात धीर धरावयास शिकण्यास वर्षे लागतात, असे जाणते लोक सांगतात.

ह्या खेळात नाव मिळविलेला आपल्या महाराष्ट्रातील तरुण म्हणजे दत्तू बबन भोकनळ. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्याचे गाव. तो मुलूख अवर्षणाचा. नाव चालविण्याइतके पाणी राहो, पिण्याच्या पाण्याचीही तेथे पंचाईत. विहिरी खोदणे, दगड फोडणे ही कामे दत्तूने बापाबरोबर केली. काही काळ पेट्रोल पंपावरही चाकरी केली. २०११ साली वडील वारले आणि संसाराचा भार थोरल्या मुलावर आला. २०१२ साली तो सैन्यात, पुण्याजवळ खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये दाखल झाला. वल्हे त्याच्या हाती आले ते तेथे; आणि प्रारंभी त्यास पाण्याचीच भीती वाटे! परंतु उंच देह, विहीर खोदून कसलेली पाठ आणि पाय, हे भांडवल तो गावाहूनच घेऊन आला होता. २०१६ साली दक्षिण कोरियातील चुंगजू येथील पात्रता शर्यतीत रौप्यपदक मिळवून तो रिओच्या ऑलिंपिकला गेला. त्या वर्षी तेथे भारताचा वल्हेकरी तो एकटाच. ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत अंतर तोडून त्याने जगात तेरावा क्रमांक मिळविला. घरी आई अपघातानंतर आजारी पडलेली होती. अशा मनःस्थितीत त्याने ही शर्यत केली, हे क्रमांकाच्या आकड्यात दिसत नाही.

२०१८ साली पालेमबांग येथे आशियाई खेळ झाले. एकट्याच्या नावेच्या अंतिम शर्यतीत, अंगात ताप असताना, दत्तू सर्वांच्या मागे राहिला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, तो चौघांच्या नावेत बसला. सोबत स्वर्ण सिंह, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंह. ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. ह्या खेळातील भारताचे आशियाई सुवर्ण हे दुसरेच. पहिले २०१० साली ग्वांगजौ येथे बजरंग लाल ताखर ह्याने आणले होते. चौघांच्या नावेत आठ वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरावी लागतात. एकाने शक्ती दाखविण्याकरिता घाई केली, तर तिघांचे श्रम वाया. तेथे सर्वांत बलवान कोण, हा प्रश्नच गैरलागू होतो.

आता आपल्याकडे वळू. ठाण्यास तलावांचे शहर म्हणतात. परंतु दोन हजार मीटरांचा सरळ जलमार्ग मासुंद्यात मावणे शक्य नाही, आणि खाडीत भरती-ओहोटी व चिखल ह्यांची अडचण. पुण्यास मुळेच्या पाण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी वल्ही मारतात, आणि दापोडीस सैन्याचे शिक्षणकेंद्र आहे. नाव महाग, ती ठेवावयास जागा हवी, शिकविणारा हवा. ह्या तिन्ही गोष्टी गरीब मुलास सैन्याबाहेर क्वचितच मिळतात. चांदवडच्या मुलास वल्हे गवसले आणि तलावाकाठच्या मुलास गवसू नये, ही स्थिती मला खटकते. अरुंद शर्यती नावा राहू द्या, रुंद बुडाच्या शिकाऊ नावा लहान तलावातही चालतात. शाळांनी एकत्र येऊन अशा दोन-चार नावा ठेवणे अशक्य नाही.

तोवर तयारी जमिनीवरही होते. साखळी ओढून हवेचे चक्र फिरविणारे वल्ह्याचे यंत्र काही व्यायामशाळांत असते. त्यावर पायांचा आणि पाठीचा क्रम बसवून घेता येतो. मात्र नावेत पाऊल टाकण्यापूर्वी कपड्यांनिशी पोहता आलेच पाहिजे. जोडे एका हिसक्यात सुटतात की नाही, हे काठावरच तपासावे. आणि नाव उलटली, तर तिला सोडून काठाकडे पोहत निघू नये. ती बुडत नाही, तिलाच धरून मदत येईपर्यंत थांबावे.