चाकावरच्या रंगांची वलये

बल्लारपूरच्या किंवा आलापल्लीच्या लाकूड डेपोत रचून ठेवलेले सागाचे ओंडके तुम्ही पाहिले असतील. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर एकात एक अशी वलये दिसतात. मधले वलय सर्वांत जुने, सालीजवळचे सर्वांत नवे. वलये मोजली की झाडाचे वय कळते, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. अशीच वलये जुन्या जीपच्या लोखंडी चाकावरही उमटवता येतात आणि त्यांवरून ते चाक कारखान्यातून कोणत्या रंगात बाहेर पडले हे सांगता येते, असे म्हटले तर तुम्हाला खरे वाटेल काय?

चंद्रपूर आणि गडचिरोली (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता) येथील जंगलवाटांवर जीपगाडीने पुष्कळ वर्षे चाकरी केली. मुंबईत महिंद्र कंपनीने जीपची जुळणी सुरू केली ती १९४०च्या दशकाच्या अखेरीस. अशा गाड्यांची चाके आजही एखाद्या गॅरेजमागे गवतात पडलेली आढळतात. आता जुन्या गाड्यांची हौस वाढली आहे आणि ही चाके पुन्हा मूळ रूपात आणावीत असे अनेकांना वाटते. पण मूळ रूप म्हणजे कोणते? गाडी हिरवी म्हणून चाकही हिरवे, असे समजून रंगाचा डबा उघडणे हीच पहिली चूक. अमेरिकेतल्या विलिस कंपनीने १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी जीप काढली, तेव्हा हिरव्या गाडीला पिवळी चाके आणि बदामी गाडीला लाल चाके बसवली होती. चाकावरचा खरा थर खरवडून टाकल्यावर ही गोष्ट चाकाला विचारायची कशी?

म्हणून जाणकार कारागीर आधी चाक वाचतो. बाहेरच्या बाजूचा रंग उन्हाने विटलेला असतो, तेव्हा तो चाकाच्या टोपीखाली, नट जिथे घट्ट बसतात त्या जागी, किंवा टायरच्या कडेखाली झाकलेली जागा शोधतो. तिथे अत्यंत बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून नाण्याएवढ्या जागेवर गोल गोल घासतो, असे की मध्ये खोल आणि कडेला उथळ अशी बशी तयार व्हावी. रंगाचा एक थर केसाहून पातळ असतो. पण उतारावर तो पसरट दिसतो आणि वलये उमटतात. मध्यभागी चकाकणारे लोखंड, भोवती अस्तर, मग कारखान्याचा रंग, आणि त्याबाहेर पुढच्या मालकांनी दिलेले रंग. ओंडक्याप्रमाणे इथेही मधले ते जुने!

परंतु कारखान्यानेच दोन हात दिले असतील तर? भिंगातून पाहा. कारखान्यात एका थरावर दुसरा लगेच चढतो, त्यामुळे त्यांच्यामधली रेघ स्वच्छ असते. गाडी दहा वर्षे रस्त्यावर धावल्यानंतर दिलेल्या रंगाखाली मात्र धुळीची, काजळीची किंवा गंजाची बारीक रेघ सापडते. ती रेघ म्हणजे गेलेला काळ. आणखी एक गंमत. जवसाच्या तेलात कालवलेला जुना रंग अंधारात राहिला की पिवळसर पडतो. म्हणून टोपीखाली सापडलेला पांढरा रंग पिवळट दिसला तर लगेच निर्णय न घेता तो भाग काही दिवस उजेडात ठेवावा लागतो.

इथे एक इशारा नीट ध्यानात ठेवा. मारुतीला चढवतात तो शेंदूर म्हणजे मूळचे शिशाचे एक ऑक्साइड. लोखंडाला गंजापासून वाचवण्यासाठी हाच शेंदूर तेलात कालवून अस्तर म्हणून देत असत. काम उत्तम करीत असे; पण शिसे हे विष आहे आणि ते मुलांच्या मेंदूला विशेष घातक ठरते. आपल्या देशात घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले. जुन्या चाकावरचे रंग त्याच्या कितीतरी आधीचे! म्हणून ते कोरडे घासायचे नाहीत, आणि दिव्याच्या ज्योतीने जाळून तर मुळीच काढायचे नाहीत. टायर चढवलेले चाक तापवणे हा निराळाच धोका: आतली हवा फुगून आणि रबर पेटून टायर स्फोटासारखा फुटतो. हे काम मोठ्यांचे आहे; तुम्ही शेजारी उभे राहूनही करू नका.

आता गंजाकडे वळू. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो आणि लगेच जून-जुलैत चिखल सुरू होतो. तापल्यावर लोखंड आणि रंग सारखे प्रसरण पावत नाहीत. रंगाला सूक्ष्म भेगा जातात. त्या भेगांतून पाणी आणि ऑक्सिजन आत शिरतात आणि लोखंडाचा गंज होतो. हा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. भिंतीत रुजलेला पिंपळ जसा विटा उचलतो, तसा तो रंगाला खालून उचलतो. म्हणून फुगलेल्या रंगावर नवा रंग देणे व्यर्थ.

गंज काढायला तीव्र आम्ल वापरले तर गंज विरघळतो खरा, पण त्याबरोबर चांगले लोखंडही जाते, आणि या क्रियेत निघालेला हायड्रोजन कणखर पोलादात, विशेषतः चाकाच्या बोल्टांत, शिरून त्यांना ठिसूळ करतो. चाक हे शोभेचे भांडे नव्हे. त्यावर माणसे बसलेली असतात! म्हणून सौम्य फॉस्फोरिक आम्ल पसंत केले जाते. ते गंज काढते आणि लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर मागे ठेवते. नव्या रंगाला तो धरून ठेवतो. कारखान्यांतही चाके रंगवण्यापूर्वी फॉस्फेटच्या द्रावणातून काढण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

दुसरा उपाय आपल्या जंगलातच आहे. हिरडा! त्यात टॅनिन असते. टॅनिन गंजातल्या लोहाशी संयोग पावून निळसर काळे, पाण्यात न विरघळणारे संयुग बनवते. पूर्वी हिरड्यापासून काळी शाई करीत, त्यामागेही हेच रसायन. बाजारात मिळणाऱ्या गंज थोपवणाऱ्या काही द्रावणांतही टॅनिक आम्ल असते. मात्र माझ्या मते ते चाकाच्या दर्शनी बाजूला लावू नये, कारण त्या काळ्या थराखाली वाचायचे सारे झाकून जाते. टायरखालच्या खाचेत ते खुशाल वापरावे.

आणि मूळ रंगाचा बराच भाग शाबूत असेल तर? मग धुऊन, मेण लावून तसाच ठेवावा. नवा रंग कधीही देता येतो. कारखान्याचा हात मात्र एकदाच पडलेला असतो. रंग द्यायचाच असेल तर आरशासारखी चमक टाळा. जीपचे चाक घडले ते चिखलात चालण्यासाठी, वरातीत मिरवण्यासाठी नव्हे.

हिरड्याचा प्रयोग मात्र तुम्ही घरी करू शकता. सारखेच गंजलेले तीन खिळे घ्या. हे खिळे रंगवलेले नसावेत. दोन हिरडे कुटून पेलाभर पाण्यात उकळा, गाळा, निवू द्या आणि त्यात एक खिळा बुडवा. दुसरा लिंबाच्या रसात, तिसरा साध्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी तिन्ही खिळे बाहेर काढून पुसा, आठवडाभर उघड्यावर ठेवा आणि रोज पाहा. लिंबातला खिळा प्रथम सर्वांत स्वच्छ निघेल. तो तसाच राहतो का, आणि हिरड्यातल्या खिळ्याचे काय होते, ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवा. हिरड्याचा काढा कपड्यांवर सांडू देऊ नका, डाग जात नाही.