शेवाळाच्या खोलीतली वही

चि. ओंकार यास,


मरक्काणमच्या कोळंबी हॅचरीत तुला शेवाळाच्या खोलीत टाकलं म्हणून तू हिरमुसलास, असं वहिनींनी फोनवर सांगितलं. अरे, सगळी हॅचरी त्या खोलीच्या जिवावर चालते. नॉप्लियस अवस्थेत असेपर्यंत पिल्लू अंगातल्या बलकावर जगतं. दीड-दोन दिवसांत त्याची झोइया झाली की तिला लगेच खायला लागतं, आणि ते खाणं म्हणजे तुझं कीटोसेरॉस शेवाळ. ते एक दिवस उशिरा तयार झालं तर काही कामाचं नाही.

नुसत्या रंगावर भुलू नकोस. हॅचरीतल्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी भुललो होतो. टाकीला चहासारखा सुंदर तपकिरी रंग आला होता. काचेखाली न बघताच मी ते शेवाळ झोइयाला सोडलं. पेशी जुन्या होऊन फुटत होत्या आणि त्यांच्यात सिलिएट वळवळत होते. संध्याकाळी बीकर उजेडासमोर धरला. पोट भरलेल्या झोइयाच्या मागे विष्ठेचा लांब दोरा केसासारखा तरंगत असतो. त्या दिवशी एकीच्याही मागे तो नव्हता. दोन दिवसांत निम्मी पिल्लं तळाला बसली. तो बीकर अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

म्हणून सकाळी आधी मायक्रोस्कोप, मग चहा. हिमोसायटोमीटरवर रोज पेशी मोज आणि वहीत लिही. आकडा झपाट्याने चढत असतानाच त्यातलं विरजण पुढच्या भांड्यात घाल. चढ थांबला की ते बियाणं आंबट दह्यासारखं. त्याचं पुढचं दही नीट लागत नाही.

शेवाळ वाढवायला तुमच्याकडे गिलार्डचं एफ-बाय-टू माध्यम असेलच. १९६२ साली गिलार्ड आणि रायथर यांनी दिलेल्या ‘एफ’ची ती निम्मी ताकद. त्यात सिलिकेट विसरू नकोस. कीटोसेरॉस हे डायटम, त्याचं कवचच सिलिकाचं, सिलिकेट नसेल तर पेशी वाढणार कशी? जीवनसत्त्वं मात्र ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी थंड झाल्यावरच घाल. पाण्याला क्लोरीन मारलं असेल, तर ते घालवायला थायोसल्फेट टाकल्यानंतर ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून बघ. पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, थांब.

मूळ स्टॉकचे दोन फ्लास्क वेगळ्या खोलीत ठेव, आणि मोठ्या टाकीवर काम केलेल्या हातांनी तिथे जाऊ नकोस.

गणपतीला रत्नागिरीस येशील तेव्हा ती वही बरोबर आण. मला रोजचे आकडे बघायचे आहेत.

तुझा,
काका