कर्करोगाचा खर्च : वय वेगळे, मदतीचे दार वेगळे

खडकी बाजार असो की बोपोडी, घरात कोणाला कर्करोग निघाला की पहिला प्रश्न एकच असतो : पैसे कुठून आणायचे? मग पहिली धाव सोनाराकडे किंवा सावकाराकडे जाते. आमचे सांगणे असे, की पहिली धाव रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जावी. हा आजार लहान मुलाला, कमावत्या माणसाला आणि म्हाताऱ्याला वेगवेगळ्या रीतीने खर्चात पाडतो. त्यामुळे मदतही वेगवेगळ्या ठिकाणी मागावी लागते.

लहान मूल : मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार 2 ते 3 वर्षे चालतात. ते पूर्ण केले तर बहुतेक मुले बरी होतात, मध्येच सोडले तर आजार उलटतो. इथे औषधाइतकाच प्रवास, राहणे आणि आईची सुटलेली धुण्याभांड्याची कामे जाचतात. परळच्या टाटा रुग्णालयात पाठवले, तर तिथल्या समाजसेवा विभागात राहण्याची सोय आधी विचारा. सेंट ज्यूड ही संस्था बाहेरगावच्या मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवून घेते. रेल्वेत रुग्णाला आणि सोबत्याला तिकिटात सवलत आहे. त्याचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्यावा.

कमावता माणूस : इथे उपचाराचा खर्च वाढतो त्याच दिवशी पगार थांबतो. कारखान्यात कंत्राटी असलात आणि पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर ते कार्ड शोधून काढा. पगार 21,000 रुपयांपर्यंत असलेल्यांना हा विमा लागू आहे. आजारपणाची 91 दिवसांची मदत संपल्यावर, कर्करोगासारख्या दीर्घ आजारात 2 वर्षांपर्यंत पगाराच्या 80 टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी नोकरी आणि हप्ते सलग भरल्याची अट आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री असताना या विम्याची पायाभरणी झाली. म्हणून ही मदत मागताना संकोच नको. ती भीक नाही, हक्क आहे.

म्हातारी माणसे : “आता या वयात कशाला खर्च?” असे घरात म्हटले जाते, आणि पुष्कळदा आजी स्वतःच तसे म्हणते. 70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. ही सोय ऑक्टोबर 2024 पासून आहे. त्यासाठी आधार कार्डावरचे वय बरोबर आहे का, ते आजच पाहा.

सर्वांसाठी : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत आहेत. तीन गोष्टी लक्षात ठेवा. ही रक्कम सगळ्या कुटुंबाची मिळून आहे. रुग्णालय योजनेतले असावे लागते. आधी पैसे भरून नंतर परत मिळतील या भरवशावर राहू नका, ऑपरेशनपूर्वीच मंजुरी घ्या. चौकशीसाठी 155388 हा क्रमांक आहे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा.

नव्या सुनेचे आणि लहान बाळाचे नाव रेशनकार्डावर घालायचे पुष्कळ घरांत राहून गेलेले असते. आजार आल्यावर नेमके तिथेच काम अडते.

सर्वांत स्वस्त उपचार म्हणजे लवकर ओळखलेला आजार. मिश्री, मावा, तंबाखू आजच सोडा. तोंडातली न भरणारी जखम, स्तनातली गाठ, अंगावरून अवेळी जाणारे रक्त लपवू नका. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

आजारी पडलेल्या, कोणी विचारत नसलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी आंघोळ घातली होती. आपल्या विहारातही रविवारच्या वंदनेनंतर दोन शिकलेल्या मुलांनी बसावे आणि वस्तीतल्या घरांचे कागद तपासून द्यावेत. एखाद्या आईचे मंगळसूत्र गहाण पडण्यापासून तेवढ्यानेही वाचेल.

जय भीम! नमो बुद्धाय!