तिथीची पाऊणपट

आमच्या उपनगरात दोन वेळापत्रके चालतात. पहिले रेल्वेचे. ते आपल्या महाविद्यालयातील बहुतेकांना तोंडपाठ असते, कारण आठ-बावन्नची गाडी चुकली की पहिला तास चुकला. दुसरे वेळापत्रक कोणत्याही फलाटावर लावलेले नसते. ते समुद्राचे आहे. मी ज्या गावातून येते तेथे अजूनही दोन्ही वेळापत्रकांप्रमाणे माणसे उठतात आणि झोपतात, आणि कित्येकदा एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या वेळापत्रकांप्रमाणे. प्रस्तुत लेखात मी या दुसऱ्या वेळापत्रकाविषयी लिहिणार आहे.

अंधेरीला पश्चिमेस उतरून समुद्राच्या दिशेने पाचसहा किलोमीटर गेले की जमीन संपते. त्या टोकाला वेसावे आहे. सरकारी कागदावर आणि बसच्या पाटीवर त्याचे नाव वर्सोवा. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला मालाडची खाडी आणि खाडीपलीकडे मढ. १९५० साली बृहन्मुंबईची हद्द वाढली तेव्हा हा भाग शहरात आला. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा ते घाटकोपर अशी मुंबईची पहिली मेट्रो सुरू झाली, मात्र तिचे 'वर्सोवा' स्थानक गावाच्या बरेच अलीकडे, सात बंगल्याच्या बाजूला आहे. खुद्द वेसाव्याच्या माणसाला तेथे पोहोचण्यासाठी रिक्षा करावी लागते. बाहेरच्यांना आमचे गाव ठाऊक असते ते कोळीगीतांमुळे किंवा होळीमुळे. गाव एरवी कसे चालते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

गाव चालते ते एका गुणाकारावर. तिथीची पाऊणपट करावी, येईल तो आकडा भरतीची वेळ. आज चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. तीन वाजता पाणी पूर्ण भरणार, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. चतुर्दशीला साडेदहा. पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, हिशेब तोच. ओहोटी हवी असेल तर त्यात सव्वासहा तास मिळवावे. माझी आजी शाळेत गेलेली नाही. पण पाऊणकीचा पाढा तिला जसा येतो तसा आमच्या वर्गात कोणाला येत असेल असे मला वाटत नाही. "आज चवथ हाय, तीनला पानी भरंल," एवढे बोलून ती पुढच्या कामाला लागते.

या गुणाकाराचे कारण भूगोलाच्या पुस्तकात आहे, फक्त तेथे ते तिथीच्या भाषेत सांगितलेले नाही. भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणाने येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरा पुरा करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून तो पुन्हा डोक्यावर यायला २४ तास ५० मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात भरती दोनदा येते, सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने. म्हणजे आजच्यापेक्षा उद्याची भरती पन्नासएक मिनिटे उशिरा. तिथीही चंद्रावरूनच मोजली जाते. साडेएकोणतीस दिवसांच्या चांद्रमासात तीस तिथ्या, आणि त्याच अवधीत भरतीची वेळ घड्याळाचा पुरा फेरा करून परत जागेवर येते. चोवीस तासांना तीसने भागले की दर तिथीला ४८ मिनिटे येतात. गुणाकार धरतो ४५. तीन मिनिटांचा हा फरक पहिल्या चार-पाच तिथ्यांत कोणाच्या ध्यानात येत नाही, पण साचत जातो. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा येतात, तर ४८ मिनिटांच्या हिशेबाने बारा व्हायला हवेत. जाणती माणसे पंधरवड्याच्या शेवटी शेवटी आपणहून थोडी वेळ पुढे धरतात. कशासाठी, हे त्यांना विचारले तर ती हसतात.

पंचांगामुळेही एक अडचण येते. कधी एखाद्या तिथीचा क्षय होतो, कधी वृद्धी. समुद्र मात्र उडी मारीत नाही की थांबत नाही. अशा वेळी आजी पंचांग बाजूला ठेवते आणि कालची भरती केव्हा होती ते आठवून त्यात पाऊण तास मिळवते. नियम कोठे सोडायचा हे ज्याला कळते त्यालाच तो नियम आला, असे म्हणायला हवे. त्याचप्रमाणे हा गुणाकार मुंबईच्या आसपासचाच आहे. कोकण किनाऱ्याने दक्षिणेकडे जावे तशी भरती लवकर येते, आणि उत्तरेस खंभातच्या आखाताच्या टोकाशी ती मुंबईनंतर कितीतरी तासांनी पोहोचते. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येची भरती बाराच्या जवळपास येते, म्हणून हिशेब शून्यापासून सुरू करता येतो. हा निव्वळ जागेचा योग आहे. 'आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते' असे म्हणून छाती फुगवण्याचे कारण नाही; त्यांना आपला किनारा ठाऊक होता, आणि तेही पुष्कळ झाले.

आता हे वेळापत्रक कशासाठी लागते ते पाहू. वेसाव्याची जुनी मासेमारी डोल जाळ्याची. हे जाळे म्हणजे एक लांबलचक, निमुळती होत गेलेली पिशवी. तिचे तोंड समुद्रात खुंटांना किंवा नांगरांना बांधून प्रवाहाकडे उघडे ठेवतात. जाळे माशामागे जात नाही. भरती-ओहोटीचे पाणी जोराने वाहू लागले की त्याबरोबर बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आपसूक आत येतात. पाणी थबकले की जाळे उचलायचे, कारण उलटा प्रवाह सुरू झाला तर आलेले बाहेर जाईल. म्हणून तांडेलाला पाण्याची वेळ मिनिटांच्या हिशेबाने कळावी लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास सूर्य-चंद्राचे आकर्षण एका रेषेत येते, पाणी फार चढते आणि फार उतरते. ते उधाण. तेव्हा प्रवाहाला जोर, जाळ्याला मासळी. अष्टमीच्या सुमारास दोन्ही आकर्षणे काटकोनात येतात, पाणी मरगळते. तो भांग. उधाणात मुंबईच्या किनाऱ्याला भरती साडेचार मीटरच्याही वर जाते; भांगाला ती साडेतीन मीटरच्या आसपास घुटमळते.

येथे मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे विषयांतर करते. 'उधाण' हा शब्द आपल्या साऱ्या भाषेने उचलला. उत्साहाला उधाण येते, आनंदाला येते, वर्तमानपत्रांत अफवांनाही येते. 'भांग' मात्र किनाऱ्यावरच राहिला. गावाबाहेर तो शब्द उच्चारला की लोकांना केसांतला भांग आठवतो, नाहीतर शिवरात्रीची. भरभराटीचा शब्द सर्वांना हवासा वाटला, आणि हात आखडून घर चालवण्याच्या आठवड्याचे नाव ज्यांना तो आठवडा काढावा लागतो त्यांच्याकडेच उरले.

पाण्याची वेळ पुरुषांपेक्षा बायकांना जास्त पाळावी लागते, हे मला लिहिता लिहिता जाणवले. होड्या खाडीत शिरतात त्या भरतीवर. ओहोटीला खाडीचा गाळ उघडा पडतो आणि होड्या त्यात कलंडून बसतात. म्हणून माल बंदरावर केव्हा येणार हे तिथी ठरवते. मंगळवारी पहाटे तीनला आला तर शनिवारी सकाळी सहाच्या पुढे येईल. आईची झोप त्याप्रमाणे सरकत असते. मासळी उतरवणे, निवडणे, लिलाव, पाटी भरणे, आणि मग बाजार. गिऱ्हाईक मात्र सरकत नाही! अंधेरीची, जोगेश्वरीची गृहिणी आपल्या ठरल्या वेळीच मासळी घेणार, कारण तिच्या घरातल्यांना गाडी पकडायची असते. समुद्राच्या आणि रेल्वेच्या घड्याळांमधली ही ओढाताण कोळणीने आपल्या डोक्यावर वाहिली, पाटीसकट. बर्फ आल्यावर ती कमी झाली. बर्फात माल थांबू शकतो, इंजिनामुळे होडी लांब जाऊन चार दिवस राहू शकते. सोय झाली, यात शंका नाही. त्याबरोबर घरातल्या सर्वांना तिथी ठाऊक असण्याची गरजही कमी झाली.

जे बर्फात जात नाही ते उन्हात जाते. बोंबलाच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, तो फार काळ टिकत नाही. म्हणून दोन दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टांगतात. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांवर ओळीने ताणलेल्या दोऱ्या. पावसाळा सरल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत गावाच्या वाळूवर या वलांड्या उभ्या असतात. यांवरच पावसाळ्यातले दोन-अडीच महिने निभतात; त्या दिवसांत घरात येणारा पैसा सुकटीचा, आणि तो बायकांच्या हातचा. माझ्या बारावीची फी वलांडीवर वाळलेली आहे. गेली काही वर्षे या वाळवणाच्या जागेवरून गावात सारखी बोलणी चालू असतात. जागा मोकळी दिसते म्हणून ती रिकामी आहे असे बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला वाटते. २०११ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत मुंबईतील कोळीवाड्यांच्या सीमा आखण्याविषयी तरतूद होती. पण घर नकाशावर दाखवणे सोपे. जेथे आठ महिने मासे वाळतात आणि चार महिने काहीच दिसत नाही अशी जागा कशी दाखवायची? नकाशा काढणारा पावसाळ्यात आला तर त्याला तेथे नुसती ओली वाळू दिसेल.

सरकारलाही दिनदर्शिका आहे. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो, माशांची वीण सुरक्षित राहावी म्हणून. गावाचा जुना रिवाज नारळी पौर्णिमेचा. नारळ सोडल्यावाचून होडी लोटायची नाही. बहुधा या दोन तारखांत थोडेच अंतर पडते, पण २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा गेली ३० ऑगस्टवर. सरकारच्या लेखी समुद्र महिनाभर आधीच उघडला होता. कर्जाचा हप्ता असलेला नाखवा अधिक मास पाळू शकत नाही. वृद्ध माणसे याबद्दल नाराजीने बोलतात, आणि मला दोघांचेही पटते.

या गुणाकाराशी आपला काय संबंध, असे इमारतींत राहणाऱ्या वाचकांना वाटेल. त्यांच्या पायाखालच्या गटारांनाही तो लागू आहे. उपनगरातले नाले ज्या तोंडांतून समुद्राला किंवा खाडीला मिळतात त्यांतली बहुतेक तोंडे मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. भरतीला पाऊस पडला तर पाणी बाहेर जात नाही, रस्त्यावर थांबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पौर्णिमा २१ जुलैला होऊन गेली होती. पाच दिवसांची पाऊणपट पावणेचार. आणि त्या दुपारी चारच्या सुमारास भरती होती, नेमका पाऊस कोसळत असताना. पुढे जुहूजवळ इर्ला नाल्यावर पाणी उपसण्याचे पंप बसले. साडेचार मीटरवरच्या भरतींचे दिवस महापालिका आता पावसाळ्यापूर्वी जाहीर करते.

समुद्र परत काय देतो हेही आम्ही पाहिले आहे. २०१५ च्या ऑक्टोबरपासून अफरोज शाह या वकिलांनी वेसाव्याच्या किनाऱ्यावरचा प्लॅस्टिकचा कचरा उचलण्याचे काम सुरू केले, पुढे शेकडो माणसे त्यात आली. सकाळी स्वच्छ केलेल्या वाळूवर पुढच्या भरतीला नवा कचरा येऊन बसे. डोल जाळ्यातही तो येतो. प्रवाहाबरोबर जे वाहते ते सगळे त्या पिशवीत जाते, आणि पिशव्या निवडून फेकण्याचे काम पुन्हा बंदरावरच्या बायकांचे.

आता आमच्या गल्लीतली मुले भरतीची वेळ मोबाईलवर पाहतात. ती अचूक असते, उंचीसुद्धा कळते. माझा भाऊ समुद्रावर जात नाही, विमानतळावर पाळीने काम करतो. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते: कधी पहाटे, कधी दुपारी, कधी रात्री. आजी त्याला एकदा म्हणाली की तुझी भरती कोणत्या तिथीला असते ते तरी सांग, म्हणजे भात टाकायला बरे. त्याला सांगता आले नाही. पुढच्या आठवड्याचा तक्ता त्याला आदल्या रविवारी कळतो.

आपल्या महाविद्यालयात मढ, मनोरी, गोराई, उत्तन येथूनही मुले-मुली येतात, काही थेट वसई आणि अर्नाळ्याहूनही. वेसाव्याचा गुणाकार त्यांच्या गावाला तंतोतंत लागतो की काही मिनिटे मिळवावी लागतात, हे आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांनी मला कळवावे. वहीत त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत. विचारताना शक्यतो आजीला विचारावे, आणि भांगाच्या दिवसांत. उधाणात तिला वेळ नसतो.