इंजिनाची शक्ति : मागणी आणि वसूल
खंबाटकीचा घाट चढतांना एसी बंद करतांच मोटारीस जोर येतो, हा अनुभव साताऱ्याच्या वाचकांस नवा नाहीं. एसीचा काँप्रेसर, आल्टर्नेटर, पाण्याचा पंप, सारे इंजिनाच्याच जिवावर फिरतात. १२ व्होल्टांवर ६० अँपिअर वीज म्हणजे ७२० वॅट, सुमारें १ अश्वशक्ति. पण आल्टर्नेटरमधील घट धरतां इंजिनास दीड तरी मोजावी लागते. पट्ट्यावरचा पंखा तर विलक्षण खादाड : वेग दुप्पट, तर खर्च आठपट! महसूल खात्यांत जन्म घालविलेल्या आम्हांस हें लवकर उमजतें. मागणी वेगळी, वसूल वेगळा. अमेरिकेंतील कारखाने साधारणतः १९७१ पर्यंत बहुतेक उपांगें वगळून मोजलेली अश्वशक्ति छापीत. १९७२ पासून निव्वळ आंकडा देऊं लागले. सांगलीकडील उसाच्या रानांत रोटाव्हेटर चालवावयाचा असल्यास, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं विक्रेत्यास इंजिनाची नव्हे, ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. दांड्यावर हातीं पडणारी अश्वशक्ति विचारावी.