जुन्या डॉसमधली मराठी आजच्या संगणकावर आणताना

आमच्या बारामती तालुक्यातल्या पणदऱ्याच्या एका अंगाला माळेगावचा साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला सोमेश्वरचा. ऊस, दूध आणि पतसंस्था यांवर इथला व्यवहार चालतो. १९९०च्या दशकात अशा संस्थांमध्ये डॉसचे संगणक आले आणि सभासदांच्या याद्या, ठेवी, दुधाचे हिशेब त्यांत गेले. बरंच काही अजून तिथेच अडकून आहे. बारामती-इंदापूर भागात ही माहिती बाहेर काढण्याचं काम मी करतो. त्यात शिकलो ते असं:

१. ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबू नका.

बरीच वर्षं बंद असलेली हार्ड डिस्क कदाचित एकदाच फिरेल, असं धरून चालावं. ती एक फेरी प्रत घेण्यासाठी ठेवायची. मी ‘डीडीरेस्क्यू’ वापरतो. ते आधी चांगला भाग वाचून घेतं, खराब जागांकडे मागाहून वळतं. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह मिळतो. सव्वापाच इंचीसाठी मूळ ड्राइव्ह सांभाळून ठेवावा लागतो आणि त्याला ‘ग्रीजवीझल’ हे छोटं सर्किट जोडावं लागतं. ते फायली बघतच नाही, चुंबकीय खुणा जशा आहेत तशा टिपून घेतं. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर आधी चिकटपट्टी लावा, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही.

२. डिस्क काढता येत नसेल तर मागचं सिरियल पोर्ट बघा.

तिथे वायर जोडून फायली दुसऱ्या संगणकावर घेता येतात. ‘कर्मिट’ हा त्या पाठवण्याचा नियम १९८१ साली कोलंबिया विद्यापीठात तयार झाला. तो प्रत्येक तुकडा तपासून घेतो, त्यामुळे वायर खराब असली तरी फाइल बिघडत नाही. जुन्या यंत्रावर एखादा छोटा प्रोग्राम हवाच असेल, तर तो तिथे बसून लिहायची गरज नाही. ‘ओपन वॉटकॉम’ने आजच्या लॅपटॉपवर डॉसची ईएक्सई बनते. आधी ती डॉसबॉक्समध्ये चालवून बघायची, मगच म्हाताऱ्या यंत्राला त्रास द्यायचा.

३. मराठी कोणत्या पद्धतीने साठवली आहे, हे ओळखल्याशिवाय एकही फाइल ‘सेव्ह’ करू नका.

माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि तो जायलाच हवा. जुनी मराठी मुख्यतः दोन रूपांत भेटते. पहिलं रूप इस्की, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण संकेतपद्धती. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वापरणारं ‘जिस्ट’ हे तंत्र उभं केलं, पुढे ते पुण्याच्या सी-डॅककडे आलं. जिस्ट कार्ड संगणकात बसवलं की डीबेससारखा इंग्रजी प्रोग्राम मराठी दाखवू लागे. त्या माणसांनी आपल्या भाषेचं फार मोठं काम करून ठेवलं आहे. इस्कीत अक्षरं उच्चाराच्या क्रमाने असतात: ‘कि’मध्ये आधी क, मग वेलांटी. १९९१च्या प्रमाणात क म्हणजे १७९, युनिकोडमध्ये २३२५. युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली असल्याने रूपांतर सरळ होतं. ‘आयसीयू’ या मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररीत ते तयार मिळतं. मात्र पीसी-इस्की नावाचा एक पोटप्रकार आहे. डॉसच्या चौकटीच्या रेघांना जागा राहावी म्हणून त्यात अक्षरं सरकवलेली असतात. तो आधी तपासा.

दुसरं रूप फाँटचं: श्रीलिपी, आकृती, डीव्ही-टीटी. छापखान्यांतल्या फायली बहुतेक अशाच. इथे अक्षर साठवलेलं नसतं, त्याचे आकार साठवलेले असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार नंतर, कधी ‘क’ दोन तुकड्यांत. प्रत्येक फाँटसाठी वेगळा तक्ता लागतो.

दोन्हींत एक शब्द मी हमखास तपासतो: ‘शेतकऱ्याचे’. इथल्या कागदपत्रांत तो पानोपानी येतो. रूपांतर कच्चं असेल तर त्याचा ‘शेतकर्याचे’ होतो. शिवाय युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ ला हलंत जोडून, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक घालून. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोधायला गेलं की निम्म्या नोंदी सापडत नाहीत. एकच पद्धत ठरवून सगळीकडे लावा. गावाचं नावसुद्धा ‘पणदऱ्याचे’ असं येतं, तेव्हा हा प्रश्न आमच्या दाराशीच आहे.

४. डीबीएफ फाइल ‘पॅक’ करू नका.

डीबेस आणि फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलमधली नोंद खोडली तरी ती लगेच जात नाही. तिच्या पुढे फक्त एक तारांकन लागतं. ‘पॅक’ केल्यावरच ती कायमची जाते. वारसाच्या कामासाठी लोक येतात, तेव्हा वडिलांचं नाव कधीकधी याच खोडलेल्या नोंदींत मिळतं.

५. माहितीबरोबर प्रोग्रामही वाचवा.

ऊसनोंदीच्या फाइलमध्ये लागणीच्या रकान्यात नुसता १, २, ३, ४ असा आकडा असतो. त्यातला आडसाली कोणता, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा कोणता, हे प्रोग्रामचा मूळ मजकूर असलेल्या पीआरजी फाइलमध्येच कळतं. क्लिपरचा असा मजकूर हाती असेल तर ‘हार्बर’ वापरून तोच प्रोग्राम थोड्या फेरफाराने विंडोजवर किंवा लिनक्सवर उभा राहतो. पीआरजी नसेल तर निवृत्त कारकुनाला भेटा. त्यांना कोड तोंडपाठ असतात, आणि कुणीतरी विचारायला आलं याचा त्यांना फार आनंद होतो.

६. बेरीज जुळवा.

पंधरवड्याच्या बिलाचा एखादा छापील कागद मिळवा आणि नव्या फाइलची बेरीज त्याच्याशी ताडून बघा.

७. पुढचं यंत्रही जुनं होणार, हे धरून रचना करा.

वारणानगरला १९९८ साली ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्पात ७० गावांच्या परिसरात ऊस उत्पादकांसाठी संगणक केंद्रं सुरू झाली. काही वर्षांतच, २००७च्या सुमारास, तिथल्या काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिलं गेलं. म्हणून मी संस्थेच्या हाती तीन गोष्टी देतो: मूळ डिस्कची न बदललेली प्रत, यूटीएफ-८मधली साधी सीएसव्ही, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ मराठीत सांगणारा छापील कागद. तो कागद दप्तराच्या कपाटात सभासद रजिस्टरशेजारी ठेवायला सांगतो.