चित्रांचं वेळापत्रक आणि ‘झालं’चा खिसा

स्वमग्न मुलांच्या शाळेत जूनचे पहिले पंधरा दिवस आम्ही ताया शिकवतो कमी, कापाकापीच जास्त करतो. वर्गात लॅमिनेशनचा वास भरलेला असतो. “आता प्रार्थना, मग डबा, मग झोका,” असं तोंडी सांगितलेलं या मुलांच्या हाती लागेपर्यंत विरून जातं. पुठ्ठ्यावरचं चित्र मात्र जागेवर राहतं, पुन्हा पुन्हा बघता येतं. सगळं रोजच्यासारखंच व्हावं हा या मुलांचा हट्ट बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ मध्येच अकरा मुलांवरच्या निबंधात नोंदवला होता. त्यावर ओरडून उपयोग नसतो. पुढे काय होणार आहे ते आधी कळलं, की मूल निवळतं. चित्रांच्या वेळापत्रकाची रीत जगभर रुजली ती अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या ‘टीच’ कार्यक्रमामुळे. एरिक शॉप्लर यांच्या पुढाकाराने तो १९७२ मध्ये राज्यभर सुरू झाला. आपल्याला मात्र लागतं ते सगळं कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं.

साहित्य : दोन फूट लांब, चार इंच रुंद जाड पुठ्ठा, तीन इंची चौकोनात छापलेले फोटो, लॅमिनेशनची पाकिटं, व्हेल्क्रोची पट्टी, कात्री, आणि एक जुना खाकी लिफाफा.

कात्री उचलण्याआधी एक गोष्ट तपासा. मुलाची स्वतःची पाण्याची बाटली आणि इतर दोन वस्तू समोर ठेवा आणि हातात बाटलीचा फोटो द्या. त्याने फोटो बाटलीपाशी नेला तर फोटो चालतील. नाही नेला, तर अजून खऱ्या वस्तूच लावायच्या. चमचा म्हणजे डबा, टॉवेलचा तुकडा म्हणजे हात धुणं, दोरीचा तुकडा म्हणजे झोका. वाचता येणाऱ्या मुलाला नुसते शब्द पुरतात. “नऊ वर्षांचा झाला, आता चित्रं कशाला?” असं पालक विचारतात. चित्र वयाप्रमाणे द्यायचं नसतं, समजेप्रमाणे द्यायचं असतं.

फोटो त्याच्याच वस्तूंचे काढा, इंटरनेटवरच्या गोंडस डब्याचा नको. मागे एकरंगी चादर धरा. हे मी चूक करून शिकले. एकदा घाईत डब्याचा फोटो टेबलावरच काढला आणि वरच्या कोपऱ्यात टेबलफॅनचं अर्धं पातं आलं. माझ्या वर्गातला एक मुलगा ते कार्ड घेऊन रोज पंख्यासमोर जाऊन उभा राहायचा आणि मी रोज त्याला ओढून डब्यापाशी आणायची. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कार्ड त्याने बरोबरच वाचलं होतं.

आता कापाकापी. आधी फोटो कापा, मग लॅमिनेशन करा आणि मग चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर प्लास्टिक सोडून पुन्हा कापा. कडेला लागून कापलं तर आत लाळ शिरते आणि आठवड्यात कार्ड फुगतं. कोपरे गोल करा, नाहीतर ते टोचतात. व्हेल्क्रोची खरखरीत बाजू पुठ्ठ्यावर आणि मऊ बाजू कार्डाच्या पाठीवर लावा, कारण कार्ड मुलाच्या हातात राहणार आहे. कोणी उलटं लावतात, तेही चालतं. पण शाळाभर एकच नियम ठेवा. नाहीतर शेजारच्या वर्गातलं कार्ड तुमच्या पुठ्ठ्यावर चिकटणार नाही. काही मुलांना व्हेल्क्रोचा चर्र आवाज सहन होत नाही, काहींना तो इतका आवडतो की दिवसभर तेवढंच चालतं. दोघांसाठीही पारदर्शक खिशांची पट्टी शिवून घ्यावी.

पुठ्ठा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, उभा लावा. वरून खाली वाचायचं. खाली लिफाफा चिकटवा, त्यावर ‘झालं’ लिहा. घड्याळाच्या वेळा लिहू नका. साडेदहाची प्रार्थना दहा पस्तीसला सुरू झाली की कुणाला तरी रडू फुटतं.

पहिल्या दिवशी दोनच कार्डं लावा. वर प्रार्थना, खाली झोका. दिवसभराची माळ लावायचा मोह होतो, तो आवरा. मुलाच्या मागे उभ्या राहा. “बघ,” एवढंच म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. हात पुढे झाला नाही तर मागूनच कोपराला हलकी दिशा द्या. समोरून सूचनांचा भडिमार करू नका. हाताची मदत हळूहळू काढून घेता येते. बोलण्याची सवय लागली तर मूल चित्राकडे न बघता तुमच्या तोंडाकडे बघत बसतं. त्याने कार्ड काढायचं, हातात धरून त्या जागी न्यायचं, काम करायचं, परत येऊन कार्ड लिफाफ्यात टाकायचं. कार्ड डोळ्यांआड गेलं पाहिजे. संपलं म्हणजे काय, हे त्याला तिथे कळतं. दोन-तीन दिवस तो आपला आपण गेला की एक कार्ड वाढवा. मधल्या सुट्टीपर्यंत पाच-सहा पुरेत.

लावलेलं कार्ड धमकी म्हणून काढायचं नाही. “मणी ओवले नाहीस तर झोका नाही,” असं म्हणून झोक्याचं कार्ड एकदा उचललंत की पुठ्ठ्यावरचा त्याचा भरवसा गेला. मग नुसती सजावट उरते.

शेवटी लाल चौकटीचं ‘बदल’ कार्ड. बहुतेक जण ते पहिल्यांदा वाईट बातमीच्या वेळी काढतात, म्हणून मुलं त्याचा राग धरतात. आधी चार-पाच वेळा गोड बदल करा. मण्यांच्या जागी ‘बदल’, आणि शेजारी फुगे. मग एखाद्या दिवशी पावसाने मैदान बुडालं की तेच कार्ड मैदानावर लावा, शेजारी आतल्या खेळाचं कार्ड द्या. कुरकुर होईल, पण चपला भिरकावल्या जाणार नाहीत.

हाच संच घरी न्यायला द्या. गणपतीला गावी जाताना एसटी, आजीचं घर, आरती अशी नवी कार्डं आईकडूनच करून घ्या. आणि डब्याच्या कार्डाच्या चार प्रती सुरुवातीलाच छापून ठेवा. ते सगळ्यांत आधी चावून संपतं.